बदल, फेरफार की पालट? नेमका शब्द कसा निवडायचा

मराठी मजकूर लिहिण्याच्या कामाला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. एका बँकेचं खातेदारांना जाणारं पत्र मराठीत करायचं होतं. लोकांनी आपले नवे पत्ते आणि फोन नंबर दिले होते, ते नोंदवून घेतले, एवढंच कळवायचं होतं. पहिल्या दोन वाक्यांत 'बदल' दोनदा येऊन गेला होता. शाळेत निबंध तपासताना बाई सांगायच्या, तोच तोच शब्द नको. म्हणून तिसऱ्या वाक्यात मी ऐटीत लिहिलं, 'आपल्या खात्याच्या तपशिलात फेरफार करण्यात आले आहेत.' पत्रं पोचली आणि शाखांमधले फोन वाजायला लागले. माझ्या खात्यात कुणी हात घातला, असंच प्रत्येकाला विचारायचं होतं.

तेव्हापासून मी शब्दांची अशी फिरवाफिरवी सोडली. बदल, फेरफार, पालट, सुधारणा, परिवर्तन, स्थित्यंतर हे शब्द कोशात एकमेकांच्या शेजारी दिसतात, पण प्रत्येकाच्या पोटात वेगळी बातमी असते. नोटिसा, माहितीपत्रकं, ॲपवरचा मजकूर, भाषांतर, मुद्रितशोधन अशा कामांना जे नव्याने लागलेत, त्यांच्यासाठी मी स्वतः ज्या क्रमाने विचार करतो, तो इथे मांडतो आहे.

पहिली पायरी: आधी सगळीकडे 'बदल' लिहा

पहिल्या खर्ड्यात बिनधास्त 'बदल' लिहून मोकळे व्हा. हा शब्द तटस्थ आहे. चांगलं झालं की वाईट, लहान की मोठं, मुद्दाम की आपोआप, यातलं काहीच तो सांगत नाही. दुसरा शब्द घालायचा तर त्यासाठी कारण हवं, आणि 'बदल आधी येऊन गेलाय' हे कारण होत नाही.

शब्द अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. त्याचा जुना अर्थ 'एकाच्या जागी दुसरं' असा. तो अर्थ अजून मेलेला नाही, त्याच्या नातेवाइकांत जिवंत आहे. जमीन गेली की 'मोबदला' मिळतो. 'अदलाबदल' होते. 'उशिरा आल्याबद्दल दंड', 'केलेल्या कामाबद्दल मानधन' यातला 'बद्दल'सुद्धा त्याच घरातला: कामाच्या जागी पैसे. मुंबईच्या शेअर बाजारात २००१ पर्यंत 'बदला' व्यवहार चालायचे, म्हणजे सौदा आज पुरा न करता शुल्क भरून पुढच्या सौदापूर्तीला न्यायचा. त्यात सुडाचा काही संबंध नव्हता. तो अर्थ हिंदी सिनेमात भेटतो. मराठीत सूड उगवतात. मोबाइलवर 'पासवर्ड बदला' वाचून अजून मला क्षणभर पासवर्ड नावाच्या माणसाची कीव येते, पण ते वाक्य बरोबर आहे, तसंच ठेवा.

'बदली' मात्र वेगळी धरा. तलाठ्याची बदली झाली म्हणजे माणूस तोच, गाव दुसरं. तलाठी बदलला म्हणजे गाव तेच, माणूस दुसरा. (किंवा माणूसही तोच, वागणं दुसरं. ते संदर्भावरून कळतं, आणि गावाला लगेच कळतं.) मुंबईच्या कापडगिरण्यांत 'बदली कामगार' असायचा. तो सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा, कायम कामगार आला नसेल तर त्या दिवसापुरता त्याच्या साच्यावर जायचा. आयुष्यात बदल होण्याची वाट बघत कितीकांची वर्षं बदलीवर गेली. क्रिकेटमधला बदली खेळाडूही याच अर्थाचा, दुसऱ्याच्या जागी उभा राहिलेला.

दुसरी पायरी: 'त' लावून बघा

सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी युक्ती हीच, आणि ती कुठल्या पुस्तकात शिकवलेली मी पाहिली नाही. 'डॉक्टरांनी औषध बदललं' आणि 'डॉक्टरांनी औषधात बदल केला' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. पहिल्यात जुनी गोळी बंद, नवी सुरू. दुसऱ्यात औषधयोजना तीच, थोडं कमीजास्त केलं. 'नियम बदलला' म्हणजे आता दुसरा नियम आहे. 'नियमात बदल केला' म्हणजे जुना नियम उभा आहे, त्याची एखादी ओळ हलली. 'नवरदेव बदलला' आणि 'नवरदेवात बदल झाला' यातला फरक तर लग्नघरातलं कुणीही सांगेल.

म्हणून मूळ मजकूर वाचताना आधी ठरवा: वस्तू जागेवर राहून तिच्यात काही हललं, की वस्तूच गेली आणि दुसरी आली? पहिलं असेल तर 'त' लावा. दुसरं असेल तर सरळ 'बदलणे' हे क्रियापद वापरा. विमा, आरोग्य, भाडेकरार असल्या मजकुरात ही चूक महागात पडते. 'योजना बदलली आहे' वाचून माणूस नवा अर्ज भरायला रांगेत उभा राहतो.

तिसरी पायरी: हात कुणाचा?

'बदलणे' हे क्रियापद दुतोंडी आहे. हवा बदलली, ती आपोआप. मी शर्ट बदलला, तो मी. 'वेळापत्रक बदलले' असं नुसतं लिहिलं की कुणी, का, हे सगळं धुक्यात जातं. सरकारी मजकुराला हे धुकं फार आवडतं. तुम्हाला करणारा माहीत असेल आणि लपवायचं कारण नसेल तर 'ने' लावा.

आता फेरफार. रोजच्या बोलण्यात या शब्दाला वास आहे. हिशेबात फेरफार, गुणपत्रिकेत फेरफार, मीटरमध्ये फेरफार. कुणीतरी, गुपचूप, स्वतःच्या फायद्यासाठी, नोंद फिरवली. बँकेच्या खातेदारांनी माझ्या पत्रात हेच वाचलं, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

पण महसुलाच्या दप्तरात पाऊल टाकलं की तोच शब्द अगदी सोवळा. जमीन विकली, वाटणी झाली, खातेदार वारला आणि वारस लागले, कर्जाचा बोजा चढला किंवा उतरला, की 'फेरफार' होतो. त्याची वेगळी नोंदवही आहे, गाव नमुना ६. तलाठी त्यात नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावर नाव चढतं. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात जो आकडा असतो, तो त्या फेरफाराचा क्रमांक. गावातला माणूस 'माझा फेरफार अजून झाला नाही' अशी तक्रार करतो, तेव्हा त्याला तो झालेला हवा असतो. शहरात वाढलेल्या नव्या भाषांतरकाराने इथे शहाणपणा करून 'नोंदीत बदल' लिहिलं तर तहसील कचेरीत ते कुणाला कळणार नाही.

म्हणजे शब्द ठरवण्याआधी दप्तर ओळखा. 'फेर' घराण्यातले बाकीचेही असेच आपापल्या दप्तराला चिकटलेले आहेत. शेतीत 'फेरपालट' ती पिकांची: एका वर्षी ज्वारी, पुढच्या वर्षी त्याच रानात हरभरा किंवा तूर. नगररचनेत 'फेरबदल': १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात किंवा नियमावलीत जी दुरुस्ती होते, तिला सूचनांमध्ये हाच शब्द असतो. दिसायला किती किरकोळ. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी नियम ५८ होता. जमीन पुनर्विकासाला काढली की तिचे ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये फेरबदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. जिच्यावर बांधकाम होतं ती जमीन वाटणीतून बाहेर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००६ मध्ये हा फेरबदल टिकला. लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती बघताना मला तो शब्द आठवतो. 'नियमात बदल' म्हणा की 'फेरबदल', शब्दात कुठेही एकरांचा हिशेब दिसत नाही. तो मजकुरात वेगळा सांगावा लागतो.

चौथी पायरी: बऱ्याकडे की वाईटाकडे?

'सुधारणा' म्हटलं की लिहिणाऱ्याने निकाल देऊन टाकला: जे झालं ते चांगलं झालं. आगरकरांनी १८८८ मध्ये पत्र काढलं, त्याचं नाव 'सुधारक', ते याच खात्रीने. रुग्णाच्या प्रकृतीत सुधारणा होते, अक्षरात होते. पण पाणीपट्टीच्या नोटिशीवर 'सुधारित दर' छापलेलं दिसलं की खिशाला हात लावा. दर सुधारून उतरले असं माझ्या तरी पाहण्यात नाही. तुमच्या हातात असेल तिथे 'नवे दर' किंवा सरळ 'वाढलेले दर' लिहा. वाचणाऱ्याचा वेळ वाचतो आणि रागही थोडा कमी येतो.

कायद्याच्या मजकुरात हे स्वातंत्र्य नाही. तिथे अधिकृत मराठी पाठात '(सुधारणा) अधिनियम' हेच लागतं, मग सुधारणेने कायदा बिघडला असं तुमचं मत असलं तरी. गंमत म्हणजे वर्तमानपत्रं त्यालाच 'घटनादुरुस्ती' म्हणतात: १९७६ ची ४२ वी, पंचायत राजची ७३ वी. दुरुस्तीत आधी काही बिघडलं होतं हे गृहीत आहे. पंप दुरुस्त करतात, छपाईची चूक दुरुस्त करतात. शासन निर्णयातली चूक दुरुस्त करायला मात्र 'शुद्धिपत्रक' निघतं. तेव्हा: चूक होती आणि ती काढली, तर दुरुस्ती. चूक नव्हती पण आणखी बरं केलं, तर सुधारणा. बरं की वाईट ते वाचणाऱ्याने ठरवावं असं वाटत असेल, तर परत 'बदल'. आणि हिंदीतून 'सुधार' उचलू नका. 'शिक्षण सुधार' वाचलं की मला ते शिक्षणाला दिलेली आज्ञा वाटते.

उलट्या दिशेने गेलेला शब्द 'विकार'. संस्कृतात त्याचा अर्थ साधा: रूप पालटणं. व्याकरणाच्या तासाला 'विकारी' आणि 'अविकारी' शब्द शिकलो ते यामुळेच. 'घोडा'चा 'घोड्याला' होतो म्हणून तो विकारी, 'परंतु' कशानेही हलत नाही म्हणून अविकारी. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं तेव्हा नाव दिलं 'विकारविलसित', तिथे विकार म्हणजे मनाच्या उसळत्या भावना. आज दवाखान्याच्या पाटीवर विकार म्हणजे फक्त आजार. व्याकरण सोडून कुठेही 'बदल' या अर्थी वापरलात तर वाचणारा डॉक्टर शोधेल.

पाचवी पायरी: दिवस बदलले, पालटले की फिरले?

इथे थोडं थांबतो, कारण कोशात बघून ही पायरी चढता येत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं ऐकूनच येते.

'दिवस बदलले': काळ वेगळा आला, मत नाही. 'दिवस पालटले': वाईट होते, चांगले आले. 'दिवस फिरले': चांगले होते, वाईट आले. तीन क्रियापदं आणि तीन नशिबं. (आणि 'दिवस गेले' ही चौथीच गोष्ट, तिथे पेढे वाटतात.) फिरण्यातली ही नाराजी बऱ्याच ठिकाणी दिसते. डोकं फिरतं, ग्रह फिरतात, दिलेला शब्द फिरवला जातो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. कुणी मत 'बदललं' तर विचार करून बदललं असेल. मत 'फिरवलं' तर वाचणाऱ्याला कुणाचं तरी घरी येऊन गेलेलं पाकीट दिसतं. मन 'वळवलं' मात्र गोड आहे, समजावून, न दुखावता.

'पालट' मध्ये एक बाजू जाऊन दुसरी वर येते. झोपेत माणूस कूस पालटतो. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेणं म्हणजे 'खांदेपालट', आणि मंत्रिमंडळाची खाती इकडून तिकडे झाली की वर्तमानपत्रं तोच शब्द काढतात. मला तो फार चपखल वाटतो, कारण ओझं तेवढंच राहतं. आजारपणातून उठलेल्या माणसाला 'हवापालट' हवा असतो. 'कायापालट' म्हणजे अंगच नवं झाल्यासारखं. बसस्थानकाला रंग दिला की त्याचा कायापालट होत नाही, कितीही फलक लागले तरी. आणि 'उलथापालथ' झाली की वर-खाली काही जागेवर राहिलं नाही. हा शब्द फक्त गोंधळासाठी राखून ठेवा.

सहावी पायरी: शेपटीला 'अंतर' असेल तर

भाषांतर, नामांतर, स्थलांतर, धर्मांतर, सत्तांतर, पक्षांतर, वेषांतर, रूपांतर. यातला 'अंतर' म्हणजे दोन गावांमधलं अंतर नव्हे. संस्कृतात समासाच्या शेवटी तो 'दुसरा' असा अर्थ देतो. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, पक्षांतर म्हणजे दुसरा पक्ष. म्हणून हे शब्द तेव्हाच वापरा, जेव्हा एक सोडून पूर्ण दुसऱ्यात जाणं झालंय. आमदाराने भूमिका बदलली तर ते पक्षांतर नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेला पक्षांतरबंदी कायदा नेमका कशाला लागू होतो, यावर एवढे वाद चालतात ते काही उगाच नाही. कपडे बदलले ते वेषांतर नाही. ओळखू येऊ नये म्हणून बदलले तर वेषांतर.

हा फरक किती गंभीर असू शकतो, त्याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात हिंसाचार झाला, दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, आणि चळवळ सोळा वर्षं चालली. त्या चळवळीचं नाव 'नामांतर'. १४ जानेवारी १९९४ रोजी जे झालं, त्यात 'मराठवाडा' हा शब्द राहिला आणि आधी बाबासाहेबांचं नाव आलं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. म्हणून त्याला 'नामविस्तार' म्हणतात. तुम्ही त्या काळावर लिहित असाल तर चळवळीला नामांतर आणि १९९४ च्या घटनेला नामविस्तार म्हणा. दोन्हीची अदलाबदल केली तर एका शब्दात इतिहास चुकतो. तेच मुंबईचं: १९९५ मध्ये इंग्रजीतलं नाव बदललं, पण मराठी माणसासाठी नामांतर कसलं? आपण मुंबईच म्हणत होतो.

अपवाद लक्षात ठेवा. 'मतांतर' म्हणजे मत बदलणं नव्हे, वेगळं मत. मत बदललं त्याला 'मतपरिवर्तन' म्हणतात.

सातवी पायरी: मोठे शब्द शेवटी, आणि जपून

'परिवर्तन' हिंदीत रोजच्या वापरात आहे, मराठीत ते सभेच्या व्यासपीठावरचं आहे. सामाजिक परिवर्तन, परिवर्तनवादी चळवळ, हृदयपरिवर्तन. माणसं किंवा समाज आतून बदलतात तिथे ते शोभतं. 'कार्यक्रमाच्या वेळेत परिवर्तन' लिहिलं की हिंदीचं भाषांतर केल्याचं लगेच उघडं पडतं. शाळेच्या विज्ञानात 'परिवर्तनीय बदल' येतो, बर्फाचं पाणी आणि पाण्याचा परत बर्फ. तिथे मुळातला 'फिरून येणं' हा अर्थ टिकून आहे.

आणि एक चूक दरवर्षी विजयादशमीच्या सुमारास फलकांवर दिसते: 'धम्मचक्र परिवर्तन दिन'. शब्द 'प्रवर्तन' आहे. चक्र बदललं नाही, ते चालू केलं, गती दिली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झालं, ते धम्मदीक्षा घेणाऱ्यांच्या बाजूने धर्मांतर, आणि धम्मचक्राच्या बाजूने प्रवर्तन. मुद्रितशोधक असाल तर हा एक शब्द डोळ्यांत तेल घालून बघा.

'स्थित्यंतर' मागे वळून बघताना वापरायचा शब्द आहे. ते चालू असताना कुणी म्हणत नाही की सध्या स्थित्यंतर होतंय. पंचवीस वर्षांनी म्हणतात, गिरणगावाने किती स्थित्यंतरं पाहिली. चालू असताना जो मधला काळ असतो, धड जुनं नाही धड नवं नाही, तो 'संक्रमणकाळ'. रोगाच्या बाबतीत मात्र 'संक्रमण' हिंदीतून आलंय, तिथे 'संसर्ग' लिहा. क्रांती झटक्यात, उत्क्रांती लाखो वर्षांत. जाहिरात काहीही म्हणो, नव्या साबणाने यातलं काहीही घडत नाही.

आठवी पायरी: शब्द काढूनच टाका

बऱ्याचदा मराठीला बदलाचा शब्द लागतच नाही, कारण प्रत्येक गोष्टीच्या बदलण्याला तिचं स्वतःचं क्रियापद आहे. दूध नासतं किंवा विरजतं. कैरीला पाड लागतो, मग ती पिकते. रंग विटतो, लोखंड गंजतं, आवाज फुटतो, साप कात टाकतो. 'कपड्याच्या रंगात बदल होऊ शकतो' यापेक्षा 'रंग विटू शकतो' हे धुणाऱ्याला आधी कळतं.

आता स्वतः करून बघा. सोसायटीच्या हिशेबवहीत कुणीतरी रात्रीतून आकडे खोडून नवे लिहिले. आजोबा न्यूमोनियातून उठून महिनाभर पाचगणीला निघाले. मुलीने सायन्स सोडून कॉमर्स घेतलं. दवाखाना आता सहाऐवजी सातला उघडतो. पाचशेची नोट हातात धरून गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणतं, 'चेंज आहे का?'

माझी उत्तरं: पहिल्यात फेरफार, आणि हिशेबतपासनिसाने सगळ्यांदेखत आकडे बरोबर केले असते तर दुरुस्ती. आजोबांना हवापालट. मुलीने शाखा बदलली. 'शाखांतर' लिहून तिला घाबरवू नका. दवाखान्याची वेळ बदलली, आणि पाटीवर तेही नको, 'सकाळी ७ पासून' एवढं पुरे. गिऱ्हाइकाला सुट्टे हवेत. आमच्या आजी 'मोड' म्हणायच्या.